स्टार ट्रेक: पडद्यामागचे किस्से आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टी

मासुंदाकाठ
ठाणे आणि नवी मुंबईत स्टार ट्रेक मनापासून बघणारे बरेच जण आहेत, फक्त ते एका जागी बोलत नाहीत, म्हणून हा धागा. (नवीन कोणी असेल तर, ही 1966 ची अमेरिकन विज्ञानकथा मालिका, एंटरप्राइझ नावाच्या अंतराळजहाजाची, कॅप्टन किर्क आणि त्याचा सोबती स्पॉक, जो व्हल्कन म्हणजे भावना न दाखवणाऱ्या परग्रहींपैकी. नेक्स्ट जनरेशन, डीप स्पेस नाइन, व्हॉयेजर, डिस्कव्हरी वगैरे त्याच विश्वातल्या नंतरच्या मालिका.) कोणता एपिसोड आवडला वगैरे इथे नको, ते दुसरीकडे भरपूर आहे. इथे दोनच गोष्टी बोलूया, शूटिंगच्या वेळी पडद्यामागे काय घडलं, आणि त्यामुळे कथेत काय जुळेनासं झालं. नुसतं "इथे चूक आहे" लिहून जाऊ नका प्लीज, ती का झाली तेही माहिती असेल तर लिहा, कारण माझ्या मते खरी मजा त्या "का"मध्येच आहे.

सुरुवात मी करतो, 'द केज'पासून. हा पहिला पायलट, म्हणजे चॅनलला दाखवायचा नमुना एपिसोड, किर्क नाहीच त्यात, कॅप्टन आहे पाइक, जेफ्री हंटरने केलेला. एनबीसी चॅनलने तो नाकारला आणि दुसरा पायलट मागितला, जे त्या काळात फारसं कोणी करत नसे. मग 8 सप्टेंबर 1966 ला मालिका सुरू झाली आणि थोड्याच दिवसात लक्षात आलं की स्पेशल इफेक्ट्सना इतका वेळ लागतोय की टेलिकास्टला एपिसोड पुरणार नाहीत. तेव्हा मालिकेचा निर्माता रॉडनबेरीने तो पडून असलेला पायलट काढला, त्याच्याभोवती नवीन गोष्ट गुंफली आणि 'द मिनॅजरी' हा दोन भागांचा एपिसोड नोव्हेंबर 1966 मध्ये दाखवला. पण हंटर आता उपलब्ध नव्हता, मग म्हातारा पाइक दाखवायचा कसा? तर त्याला अपघात झालाय, चेहरा भाजलाय, तो खुर्चीत बसून आहे आणि फक्त दिवा लावून हो किंवा नाही एवढंच सांगू शकतो. शॉन केनी नावाच्या दुसऱ्या नटाला मेकअप करून खुर्चीत बसवलं, काम झालं.

आता बघा, एपिसोड कमी पडले आणि नट मिळाला नाही म्हणून घेतलेला हा निर्णय. आणि 2019 मध्ये डिस्कव्हरीच्या दुसऱ्या सीझनमध्ये पाइकला स्वतःचं तेच भविष्य दिसतं, आणि 2022 पासून स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्समध्ये तो अख्खी मालिका त्या खुर्चीची जाणीव मनात घेऊन वावरतो. आताचा पाइक करणारा अँसन माउंट ज्या पद्धतीने ते करतो ना, समोर लहान मुलगा आला की त्याची नजर बदलते, कारण त्याला माहितीये की पुढे कॅडेट्सना वाचवतानाच आपलं हे होणार आहे. ही इतकी मोठी शोकांतिका 1966 मधल्या एका प्रॉडक्शनच्या अडचणीतून आलीये. मला यापेक्षा सुंदर उदाहरण माहिती नाही.

अजून एक, 'द केज'मध्ये स्पॉक चक्क हसतो. गाणाऱ्या निळ्या पानांना हात लावतो आणि खुलून हसतो. कारण तेव्हा थंड डोक्याची, भावना न दाखवणारी व्यक्तिरेखा होती नंबर वन, मॅजेल बॅरेटची. ती व्यक्तिरेखा काढून टाकल्यावर तिचा तो स्वभाव स्पॉककडे आला. 2019 मध्ये शॉर्ट ट्रेक्समधला 'क्यू अँड ए' आला त्यात नंबर वन आणि तरुण स्पॉक टर्बोलिफ्टमध्ये अडकतात आणि तीच त्याला सांगते की वरच्या हुद्द्यावर जायचं असेल तर हे असलं आतच ठेव. म्हणजे जिचा स्वभाव त्याला मिळाला तिच्याच तोंडून ते आलं. लिहिणाऱ्याला पडद्यामागची गोष्ट माहिती होती म्हणूनच हे सुचलं, माझी खात्री आहे.

पामबीच
मस्त धागा. माझा आवडता तुकडा लगेच लिहितो.

'द ट्रबल विथ ट्रिबल्स', डिसेंबर 1967. किर्क धान्याच्या कोठाराचं झाकण उघडतो आणि वरून ट्रिबल्सचा, म्हणजे केसाळ गोळ्यांसारख्या प्राण्यांचा, ढीग त्याच्यावर कोसळतो, तो छातीपर्यंत गाडला जातो. आता नीट बघितलं तर ढीग पडून झाल्यावरसुद्धा एकेक ट्रिबल टप टप करून त्याच्या डोक्यावर पडत राहतो, कारण वर उभी असलेली सेटवरची माणसं राहिलेले ट्रिबल्स फेकत होती, नेमके किती पडले की दिग्दर्शकाचं समाधान होईल हे त्यांना खालचं न दिसल्यामुळे कळत नव्हतं. किर्क करणारा शॅटनर बोलतोय आणि त्याच्या डोक्यावर एक पडतो, तो तसाच बोलत राहतो.

मग 1996 मध्ये मालिकेला 30 वर्षं झाली म्हणून डीप स्पेस नाइनने 'ट्रायल्स अँड ट्रिबल-एशन्स' केला, जुने सेट पुन्हा बांधले, जुन्या फिल्ममध्ये नवे नट डिजिटली घुसवले. आणि त्यात नव्या मालिकेतले सिस्को आणि डॅक्स त्या कोठाराच्या आत बसलेत, एका ट्रिबलमध्ये बॉम्ब लपवलाय तो शोधतायत, एकेक ट्रिबल स्कॅन करतात आणि नको असलेला खाली टाकतात. तो जाऊन किर्कच्या डोक्यावर! 29 वर्षांपूर्वीच्या सेटवरच्या त्या टप टपला कथेतलं कारण मिळालं. मूळ एपिसोडचा लेखक डेव्हिड गेरॉल्ड यात कॉरिडॉरमधला क्रूमन म्हणून उभा पण आहे.

मी हा एपिसोड दाखवून ऑफिसमधल्या दोघांना ट्रेक बघायला लावलंय. आधी जुना दाखवायचा, मग लगेच हा. बेलापूरला आमच्याकडे लंच टाइम मोठा असतो.

वसंतविहार_काकू
वाचतेय आणि खूप आनंद होतोय. आमच्या वेळी हे दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचं, ऐंशीच्या दशकात. तेव्हा घरात एकच टीव्ही, शेजारची मुलं खाली चटईवर, इंग्लिश सगळं कळायचं असं नाही पण स्पॉकचे कान आणि ते अदृश्य होऊन खाली उतरणं एवढं पुरायचं.

ते अदृश्य होणं पैसे वाचवण्यासाठी काढलं होतं हे मला फार उशिरा कळलं. दर आठवड्याला इतकं मोठं जहाज ग्रहावर उतरवून दाखवायचं तर खर्च परवडणार नाही, म्हणून ट्रान्सपोर्टर. आणि तो चमचमाट म्हणजे उजेडाच्या झोतात ॲल्युमिनियमची पूड सोडून तिचं शूटिंग केलेलं. आज ट्रान्सपोर्टरशिवाय स्टार ट्रेक डोळ्यासमोर आणून बघा बरं.

त्यातच एक न जुळणारी गोष्ट आहे. 'द एनिमी विदिन'मध्ये ट्रान्सपोर्टर बिघडतो आणि जहाजावरचा सुलू आणि बाकीचे लोक ग्रहावर थंडीने गारठत पडतात. छोटं यान पाठवून त्यांना आणत का नाहीत? असं मी तेव्हा ओरडून विचारलं होतं. तर तेव्हा शटल अजून बनलेलंच नव्हतं! 'द गॅलिलिओ सेव्हन'साठी ते पहिल्यांदा बनवलं.

मासुंदाकाठ
काकू, शटलवरून आठवलं, त्याच 'द एनिमी विदिन'मध्ये स्पॉकची ती मानेवरची चिमटी पहिल्यांदा ठरली. स्क्रिप्टमध्ये स्पॉकने मागून डोक्यात मारायचं होतं, स्पॉक करणारा निमॉय म्हणाला व्हल्कन माणूस असा मारामारी करणार नाही, आणि चिमटी सुचवली. हाताची ती चार बोटं दोन-दोन करून दाखवायची खूण पण त्याचीच, 'अमोक टाइम'साठी, लहानपणी बोस्टनच्या सिनेगॉगमध्ये ज्यू पुरोहितांना आशीर्वाद देताना बघितलेली.

घोडबंदर_युनिट
नमस्कार. मी मालिकांच्या सेटवर असिस्टंट डिरेक्टर आहे, कंटिन्युटी माझ्याकडे असते. घोडबंदर रोडला किती मालिकांचे सेट आहेत ते ठाणेकरांना सांगायला नको. त्यामुळे हा धागा माझ्या रोजच्या कामाचाच आहे आणि मला थोडं सविस्तर लिहायचंय.

लोकांना वाटतं कंटिन्युटी म्हणजे ग्लासात पाणी किती होतं. ते असतंच. सीन संपला की मी फोटो काढते, पदर कुठल्या खांद्यावर, बांगड्या किती, घड्याळ कुठल्या हातात, टिकली केवढी, केस कानाच्या मागे का पुढे, मागच्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत. कारण दारातून आत येण्याचा शॉट आज झाला आणि दाराबाहेरचा शॉट बारा दिवसांनी होणार असतो, आणि मधल्या काळात त्या नटीने केस कापलेले असतात. पण खरी मारामारी असते ती शूटिंगचा क्रम आणि टेलिकास्टचा क्रम यांची. कधी एपिसोडची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले एपिसोड, संपलेली असते आणि आज शूट केलेलं उद्या जातं, कधी चॅनलला एखादा सीन आधी हवा असतो. मग जे नंतर घडलं ते आधी दिसतं आणि प्रेक्षक म्हणतात यांना कळत नाही. आम्हाला सगळं कळत असतं, वेळ नसतो.

स्टार ट्रेकमध्ये हेच पहिल्या महिन्यात झालंय. दुसरा पायलट म्हणजे 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर', तो टेलिकास्टला तिसरा गेला, 22 सप्टेंबर 1966 ला. त्याआधी दोन एपिसोडमध्ये लोकांनी डॉक्टर मॅकॉय बघितला, लाल युनिफॉर्म बघितले, आणि तिसऱ्या आठवड्यात अचानक डॉक्टर वेगळा, कपडे वेगळे, स्पॉकच्या भुवया वेगळ्या. त्यातच ते प्रसिद्ध थडगं आहे ज्यावर "जेम्स आर. किर्क" लिहिलंय, टायबेरियस या त्याच्या मधल्या नावाचा टी नंतर आला. स्पॉक त्यात म्हणतो की माझ्या एका पूर्वजाने मानव स्त्रीशी लग्न केलं होतं, आणि पुढे 'जर्नी टू बेबल'मध्ये त्याची सख्खी आईच मानव निघते. पायलट बनवताना हे कोणी ठरवलेलंच नव्हतं, आणि पुन्हा शूट करायला पैसे कोण देणार.

पण मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट नेक्स्ट जनरेशनमधली आहे. डेनिस क्रॉस्बी, ताशा यार करायची, तिने पहिल्या सीझनमध्येच मालिका सोडली आणि तिचं पात्र 'स्किन ऑफ इव्हिल'मध्ये मेलं. पण 'सिम्बायोसिस' हा एपिसोड टेलिकास्टला त्याच्या आधी गेला तरी शूट नंतर झाला. म्हणजे स्वतःच्या मरणाचा सीन देऊन ती पुन्हा सेटवर आली होती. त्यात कॅप्टन पिकार्ड आणि डॉक्टर क्रशर कार्गो बेमधून बाहेर पडतात, दरवाजा बंद होत असतो आणि मागे, अगदी मागे, ताशा उभी आहे आणि ती हात हलवून कॅमेऱ्याला निरोप देते. दोन सेकंदांचं काम. कथेत त्याला काहीच अर्थ नाही. मी कामावर असते तर नियमाप्रमाणे तो टेक कापायला सांगायला हवा होता आणि मी सांगितलं नसतं. एखादा नट मालिका सोडून जातो त्या दिवशी सेटवर काय वातावरण असतं ते मी बघितलंय, मेकअप दादापासून स्पॉट दादापर्यंत सगळे त्या दिवशी जरा हळू बोलतात. ज्याने कोणी एडिटमध्ये तो शॉट राहू दिला त्याला माझा नमस्कार.

पामबीच
ताई, हे मला माहिती नव्हतं. आत्ता लावून बघितलं. आहे तसंच आहे. अंगावर काटा आला.

कळव्याचा_ट्रेकी
मला क्लिंगॉनच्या, म्हणजे त्या लढाऊ परग्रहींच्या, कपाळाबद्दल बोलायचंय आणि मला वाद घालायचाय.

1967 च्या 'एरंड ऑफ मर्सी'मधले क्लिंगॉन म्हणजे साधी माणसं, गडद मेकअप, मिशा दाढी, झालं. पैसे तेवढेच होते. 1979 च्या सिनेमात बजेट आलं तर कपाळावर हाडांच्या रांगा आल्या, आणि पुढे कायम राहिल्या. 1994 च्या 'ब्लड ओथ'मध्ये तर जुन्या मालिकेतले तिन्ही क्लिंगॉन, कोर, कोलॉथ, कँग, त्याच तीन नटांनी पुन्हा केले आणि आता त्यांच्या कपाळावर रांगा होत्या, कोणी एका शब्दाने स्पष्टीकरण दिलं नाही आणि कोणाचं काही अडलं नाही. मग वर सांगितलेल्या 1996 च्या ट्रिबल एपिसोडमध्ये सगळे त्यांच्यातल्या क्लिंगॉन वॉर्फकडे बघतात, की हे तुमचे लोक असे कसे, आणि वॉर्फ म्हणतो ती मोठी गोष्ट आहे, आम्ही बाहेरच्यांशी त्यावर बोलत नाही. परफेक्ट. इथे थांबायला हवं होतं.

पण नाही, 2005 मध्ये एंटरप्राइझ नावाच्या मालिकेने 'अफ्लिक्शन' आणि 'डायव्हर्जन्स' असे दोन एपिसोड त्यावर खर्च केले, जनुकं, व्हायरस, साथ, त्यामुळे कपाळं सपाट झाली. माझं म्हणणं असं की मेकअपच्या बजेटला कथेत उत्तर द्यायची गरजच नाही. प्रेक्षक एवढा मोठ्या मनाचा असतो. नाटकात पडद्यावर रंगवलेलं जंगल आपण जंगल म्हणून बघतोच की.

मासुंदाकाठ
मला पटत नाही. 'अफ्लिक्शन'मध्ये फक्त कपाळाचं उत्तर नाहीये. त्या क्लिंगॉनांना आरशात आपला चेहरा परका दिसतो, पुढे घरचे स्वीकारतील का ही भीती आहे, ज्या समाजात मान हीच सगळी कमाई तिथे चेहराच गेला तर काय, हे त्यात येतं. उत्तर चांगली गोष्ट घेऊन आलं तर येऊ दे. पाइकचं तेच झालं ना.

कळव्याचा_ट्रेकी
पाइकचं वेगळं. पाइकमध्ये आधीच दुःख होतं, त्यांनी ते वाढवलं. कपाळात दुःख नव्हतं, ते आणून बसवलं. आणि 2017 ला डिस्कव्हरीने क्लिंगॉन पुन्हा बदलले, टक्कल केलं, मग दुसऱ्या सीझनमध्ये केस आले आणि सांगितलं की युद्ध होतं म्हणून केस काढलेले होते. एकदा उत्तर द्यायची सवय लागली की प्रत्येक मेकअपमनच्या निर्णयाला उत्तर द्यावं लागतं, हाच माझा आक्षेप आहे.

घोडबंदर_युनिट
दोघांचंही वाचलं. सेटवरचं सांगते. एखाद्या मालिकेत पात्राचा नट बदलतो तेव्हा लेखकांच्या टेबलवर हाच वाद होतो, अपघात आणि प्लास्टिक सर्जरी दाखवायची का सरळ नवीन माणूस आणून उभा करायचा. माझा अनुभव असा की सरळ आणलं तर लोक आठवडाभर कुरकुरतात आणि विसरतात, सर्जरी दाखवली तर ती सर्जरी कायम लक्षात राहते. त्यामुळे मी ट्रेकी दादांच्या बाजूने.

ट्रिल या दुसऱ्या परग्रही लोकांचं बघा ना. 1991 च्या 'द होस्ट'मध्ये ट्रिलच्या कपाळावर उंचवटे होते आणि त्यांना ट्रान्सपोर्टर चालत नसे. 1993 ला डीप स्पेस नाइन सुरू झालं, जॅडझिया डॅक्स म्हणजे टेरी फॅरेल, तिच्यावर ते कपाळ लावून बघितलं आणि निर्मात्यांना चेहरा झाकला गेलेला आवडला नाही. मग मेकअपवाल्या मायकल वेस्टमोरने उंचवटे काढून कानशिलापासून मानेपर्यंत ठिपके दिले. हाताने रंगवायचा रोज! ट्रान्सपोर्टरची भानगड पण गुपचूप सोडून दिली. कोणी एक शब्द बोललं नाही, आणि आज ट्रिल म्हटलं की सगळ्यांना ठिपकेच आठवतात. ठिपके रोज त्याच जागी रंगवणं म्हणजे काय काम असेल ते मी डोळे मिटून सांगू शकते.

रबाळे_मॉडेलर
मी रबाळे एमआयडीसीत कामाला आहे आणि घरी प्लास्टिक मॉडेल किट बनवतो, त्यामुळे माझी भर जहाजांची.

'द डूम्सडे मशीन', 1967. त्यात एंटरप्राइझसारखंच दुसरं जहाज दिसतं, कॉन्स्टेलेशन, मोडलेलं, जळलेलं. त्याचा नंबर आहे एनसीसी-1017. यावरून पुढे कितीतरी चर्चा झाली, की एंटरप्राइझ 1701 आणि त्याच वर्गाचं हे 1017 कसं, एवढं जुनं जहाज, मग त्याची दुरुस्ती करून नवीन वर्गात आणलं असेल का वगैरे. कारण काय माहितीये? ते जहाज म्हणजे दुकानात मिळणारं एएमटी कंपनीचं किट होतं. किटबरोबर डिकॅल, म्हणजे चिकटवायचे छापील आकडे, येतात 1701 चे, तेच आकडे कापून उलटसुलट लावले तर वेगळा दिसणारा नंबर 1017. ज्याने कधी डिकॅल पाण्यात भिजवून चिमट्याने उचलून मॉडेलवर सरकवलाय त्याला तो क्षण लगेच डोळ्यासमोर येईल, ओला पातळ आकडा, हात थरथरला तर दुमडतो, आणि शीटमध्ये दुसरे आकडे नाहीत. मग इंजिनांची टोकं भाजून वितळवली आणि जहाज उद्ध्वस्त दिसायला लागलं. मी तेच करून बघितलंय, मेणबत्तीने, खिडकी उघडी ठेवून, प्लास्टिकचा धूर वाईट असतो.

मोठं मॉडेल 11 फुटांचं होतं, आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या एअर अँड स्पेस म्युझियममध्ये आहे, 2016 मध्ये नीट दुरुस्त करून पुन्हा मांडलंय. त्याची डावी बाजू पूर्ण केलेलीच नव्हती, कारण आतल्या दिव्यांच्या वायरी त्या बाजूने बाहेर काढलेल्या. म्हणून जहाज जवळजवळ कायम एकाच बाजूने दिसतं, एकदा लक्षात आलं की प्रत्येक एपिसोडमध्ये दिसायला लागतं. आणि पायलटच्या वेळचे शॉट पैसे वाचवायला पुन्हा पुन्हा वापरलेत, त्यात इंजिनाच्या पुढच्या टोकाला अणकुचीदार दांडा आहे आणि नंतरच्या मॉडेलला तिथे फिरणारा उजेड. एकाच एपिसोडमध्ये जहाज दोन्ही रूपांत दिसतं.

आणि सेटवरच्या पाइपांवर जीएनडीएन लिहिलेलं असायचं, त्याचा अर्थ "कुठे जात नाही, काही करत नाही". डिझायनर मॅट जेफरीजच्या टीमचं काम. जहाजाच्या आत रांगत जायच्या त्या बोगद्यांना जेफरीज ट्यूब म्हणतात ते त्याच्याच नावावरून. आमच्या प्लँटमध्ये पण काही लाइन आता कुठेच जात नाहीत, त्यांच्यावर मात्र तसं कोणी लिहीत नाही, लिहायला पाहिजे खरं तर, नवीन पोराचा अर्धा दिवस वाचेल.

पाचपाखाडी
खान राहिला सगळ्यांचा.

'स्पेस सीड', फेब्रुवारी 1967. खान नूनियन सिंग, जनुकं बदलून जन्माला घातलेला हुकूमशहा. एपिसोडमधली इतिहासतज्ज्ञ त्याला बघून म्हणते उत्तर भारतातला असावा, बहुधा शीख. आणि करणारा नट रिकार्डो मॉन्टलबान, मेक्सिकोत जन्मलेला. आधीच्या मसुद्यात हे पात्र नॉर्डिक होतं. आपल्याकडे बघताना हे खटकतं आणि खटकायलाच हवं, दाढी नाही, पगडी फक्त त्या बाईने काढलेल्या चित्रात. पण त्याच वेळी हेही खरं की 1967 मध्ये अमेरिकन टीव्हीवर जगातला सगळ्यात हुशार आणि ताकदवान माणूस भारतीय दाखवला होता.

आता कंटिन्युटी. 1982 च्या 'द रॅथ ऑफ खान'मध्ये खान एंटरप्राइझवर काम केलेल्या चेकॉव्हला बघून म्हणतो तुझा चेहरा मी विसरलो नाही. पण 'स्पेस सीड' पहिल्या सीझनचा आणि चेकॉव्ह करणारा वॉल्टर कोनिग मालिकेत आला दुसऱ्या सीझनला! कोनिग स्वतः गमतीने सांगत आलाय की चेकॉव्ह तेव्हा जहाजावर खालच्या मजल्यावर होता आणि त्याने खानला बाथरूमबाहेर ताटकळत ठेवलं, म्हणून चेहरा लक्षात राहिला.

त्याहून मोठं म्हणजे 'स्पेस सीड'मध्ये युजेनिक्स वॉर्स, म्हणजे खानसारख्या माणसांमुळे झालेली युद्धं, 1990 च्या दशकात होतात, खान 1992 ते 1996 जगाच्या पाव भागावर राज्य करतो. 1967 ला लिहिणाऱ्याला वाटलं तीस वर्षं म्हणजे खूप लांब. पण मालिका चालूच राहिली आणि 1996 खरंच उजाडलं, व्हॉयेजरची माणसं 'फ्युचर्स एंड'मध्ये 1996 च्या लॉस एंजेलिसला जातात आणि तिथे कसलंही युद्ध नाही, ऊन आहे आणि समुद्रकिनारा आहे. तरी एका मुलीच्या ऑफिसमध्ये खानच्या जहाजासारखं छोटं मॉडेल ठेवलंय, बघा थांबवून.

वसंतविहार_काकू
पाचपाखाडी, याचं उत्तर 2023 ला मिळालं ना. स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्सचा 'टुमॉरो अँड टुमॉरो अँड टुमॉरो'. रोम्युलन हेर बाई सांगते की हे सगळं 1992 ला व्हायचं होतं, पण काळाशी इतक्या जणांनी छेडछाड केली की घटना पुढे ढकलल्या गेल्या आणि मी इथे तीस वर्षं अडकून पडले. म्हणजे आपला खरा 1996 आणि त्यांचा 1996 दोन्ही ठेवले. खान तिथे लहान मुलगा आहे, टोरांटोमध्ये, आणि ला'आनच्या हातात पिस्तूल असतं, ती त्याची वंशज, आणि ती त्याला मारत नाही. मला तो एपिसोड फार आवडला. ट्रेकी दादा, हे स्पष्टीकरण पण नको का तुम्हाला?

आणि भारताचा विषय निघालाच आहे तर पर्सिस खंबाटाला विसरू नका. आपल्या मुंबईची, 1965 ची मिस इंडिया. 1979 च्या सिनेमातली इलिया, डोक्याचा पूर्ण गोटा केलेली. खरं तर तिला आधी 'फेज टू' नावाच्या नव्या टीव्ही मालिकेसाठी घेतलं होतं, ती मालिका झालीच नाही आणि तिचा सिनेमा झाला. त्या न झालेल्या मालिकेतली एक स्क्रिप्ट, 'द चाइल्ड', 1988 ला लेखकांचा संप झाला तेव्हा नेक्स्ट जनरेशनवाल्यांनी कपाटातून काढली आणि इलियाच्या जागी ट्रॉय हे पात्र घालून दुसऱ्या सीझनची सुरुवात केली. तो एपिसोड बघताना मला नेहमी पर्सिस दिसते.

कळव्याचा_ट्रेकी
काकू, हे स्पष्टीकरण हवंय. कारण तिथे ला'आनसमोर प्रश्न खरा आहे, मारू का नको. तारीख जुळवणं हे बाजूला झालंय.

पण मग मला हे सांगा, स्पॉकला बहीण आहे हे 2017 पर्यंत कोणालाच माहिती नव्हतं, आणि डिस्कव्हरीच्या दुसऱ्या सीझनच्या शेवटी ठरतं की डिस्कव्हरी या जहाजाबद्दल आणि त्या बहिणीबद्दल, म्हणजे मायकल बर्नहॅमबद्दल, कोणी कधीच बोलायचं नाही, बोललात तर देशद्रोह. जुन्या मालिकेत उल्लेख का नाही याचं उत्तर म्हणून हे मला अजिबात पचत नाही. स्पॉक असाही घरच्यांबद्दल बोलत नाही. 'जर्नी टू बेबल'मध्ये आईवडील जहाजावर येऊन उभे राहतात तेव्हा किर्कला कळतं की हे त्याचे आईवडील. 1989 च्या सिनेमात सावत्र भाऊ उगवतो. हा त्याचा स्वभावच आहे, कायदा कशाला?

मासुंदाकाठ
इथे मात्र शंभर टक्के अनुमोदन.

सीवूड्स_लोकल
नवीन आहे, दोन प्रश्न. नेक्स्ट जनरेशन ब्लू-रेवरून केलेल्या कॉपीत इतकी स्वच्छ दिसते आणि डीप स्पेस नाइन इतकी धूसर का? आणि जुन्या मालिकेत ते दरवाजे आपोआप उघडायचे ते 1966 ला कसं जमवलं?

रबाळे_मॉडेलर
पहिल्याचं उत्तर, दोन्ही मालिका 35 एमएम फिल्मवरच शूट झाल्यात पण एडिटिंग आणि इफेक्ट्स व्हिडिओ टेपवर झाले, आणि टेपची क्वालिटी तेवढीच. नेक्स्ट जनरेशनसाठी मूळ निगेटिव्ह शोधून काढले, पुन्हा स्कॅन केले, सगळे एपिसोड परत एडिट केले, इफेक्ट्स परत जोडले, 2012 ते 2014 मध्ये सातही सीझन आले. प्रचंड खर्च. डीप स्पेस नाइन आणि व्हॉयेजरच्या पूर्ण मालिकांवर तो खर्च केलेला नाही. आणि स्वच्छ झाल्यामुळे जे टीव्हीवर कधीच दिसणार नव्हतं ते दिसायला लागलं, कन्सोलवर चमक येऊ नये म्हणून चिकटवलेले काळे कागद दिसतात, आणि जहाजाच्या मोठ्या नकाशात मायकल ओकुडाच्या टीमने काढून ठेवलेलं बदक दिसतं.

घोडबंदर_युनिट
दुसऱ्याचं मी सांगते. दरवाजामागे दोन माणसं उभी असायची आणि हाताने ओढायची. नट जवळ आला की इशारा, आणि ओढा. आवाज नंतर टाकलेला. टायमिंग चुकलं की नट थेट दरवाजावर आपटायचा, ब्लूपर्समध्ये आहेत ते शॉट. पण त्यात नटांचं काम बघा, चालण्याचा वेग कमी न करता बंद दरवाजाच्या दिशेने जायचं, मागचा माणूस वेळेवर ओढेल या विश्वासावर. आमच्याकडे अजूनही वाऱ्याने खिडकी उघडायची असेल तर मागे सेटिंग दादा दोरी धरून बसलेला असतो, आणि पहिल्याच टेकला बरोबर उघडली तर आख्खं युनिट टाळ्या वाजवतं.

पामबीच
अजून एक राहिलं, ट्रान्सपोर्टर चालवणाऱ्या ओब्रायनचा हुद्दा. नेक्स्ट जनरेशनच्या पायलटमध्ये तो बिननावाचा माणूस आहे, कोल्म मीनीला फक्त उभं केलंय. दुसऱ्या सीझनला आडनाव मिळालं, तेव्हा रायकर त्याला लेफ्टनंट म्हणतो आणि कॉलरवर दोन बिल्ले. मग 1990 च्या 'फॅमिली'मध्ये वॉर्फचे वडील त्याला चीफ पेटी ऑफिसर म्हणतात आणि तेच पुढे डीप स्पेस नाइनभर चालतं. कथेत कुठेच सांगितलेलं नाही हे कसं झालं. पण अधिकारी नसलेला, हाताने काम करणारा, घरी बायको-मुलगी असलेला तो एकच माणूस त्या सगळ्या जहाजांवर आहे, आणि तो तसा झाला म्हणूनच इतका जवळचा वाटतो. ट्रेकी दादा, इथे स्पष्टीकरण नाही दिलं तेच बरं झालं, हे तुमच्या बाजूला लिहा.

कळव्याचा_ट्रेकी
लिहिलं. आणि 'लोअर डेक्स' या कार्टून मालिकेवर वेगळा धागा काढा कोणीतरी, त्यात अशा जुन्या न जुळणाऱ्या गोष्टींचे इतके उल्लेख आहेत की इथे मावणार नाहीत.